कोल्हापुरात मशकबीनच्या मागावर

मंगळवार

महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून उतरले तेव्हा कोल्हापुरात झोंबरा वारा होता. जानेवारी सरत आलेला, कारखाने आणि गुऱ्हाळं दोन्ही जोरात. मावशीच्या घरी, मंगळवार पेठेत, पोहोचेपर्यंत रिक्षा चांगलीच गारठली होती. चहा पुढ्यात आला आणि लगेच प्रश्नही आला : "यात्रा नाही, लग्न नाही, मधेच कशी काय आलीस?"

मी म्हटलं, "बॅगपाइपसाठी."

"चौकड्याचा घागरा घालून वाजवतात ते?"

मावशीचं काही चुकलं नाही. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तेच येतं : लोकरीचा किल्ट, ढगाळ डोंगर, स्कॉटलंड. स्कॉटलंडनं या वाद्याला जगभर नेलं, त्याचं शास्त्र बांधलं, त्यासाठी माणसं खर्ची घातली, हे सगळं खरं. पण ते तिथं जन्मलं नाही. चामड्याच्या पिशवीत दम साठवायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही, ही युक्ती फार जुनी आहे आणि मेंढपाळांच्या वाटांवरून ती कुठल्या कुठे पोहोचली. उत्तराखंडात मशकबीन, म्हणजे तिथला बॅगपाइपच, आणि ढोल-दमाऊ वाजल्याशिवाय लग्नाची वरात निघाल्यासारखी वाटत नाही. मग आपल्या कानाला हे वाद्य परकं का वाटावं? सनई आणि तानपुऱ्यावर वाढलेल्या कोल्हापूर-मिरजेइतकी या प्रश्नाला चांगली जागा दुसरी नाही. त्यातून शिरोळ तालुक्यात सैन्यातून निवृत्त झालेले एक आबा अजून रोज वाजवतात असं मावसभावाकडून कळलं होतं. त्यांची पिशवी फुटली आहे, हेही त्यानंच सांगितलं होतं.

संध्याकाळी भवानी मंडपात चक्कर मारली. जुन्या राजवाड्याच्या नगारखान्याखाली उभं राहून वर बघत राहिले. सत्ता कानांनी ओळखायची पद्धत सगळीकडे सारखीच. कुठं नगारा, कुठं पाइप.

बुधवार

पहाटे काकडआरतीला अंबाबाईच्या देवळात. गर्दी कमी होती, त्यामुळे सनई नीट ऐकता आली. एकजण चाल वाजवतो आणि दुसरा फक्त षड्ज धरून बसतो. त्या दुसऱ्याला कुणी दाद देत नाही. त्याचे गाल फुगलेले, नजर स्थिर, नाकानं श्वास आत आणि गालातली हवा बाहेर. तो थांबला तर चालीच्या पायाखालची जमीनच जाते.

बॅगपाइपमध्ये ही दोन्ही माणसं एकाच वाद्यात बसवली आहेत. ज्या नळीवर बोटं चालतात तो चँटर, ज्या नळ्या एकच सूर धरतात ते ड्रोन, आणि फुगलेल्या गालांच्या जागी काखेतली पिशवी. वादक श्वास घेतो तेव्हा कोपरानं पिशवी दाबतो. हवा वाहत राहते, नाद थांबत नाही. गारुड्याच्या पुंगीतही हीच मांडणी आहे. भोपळ्यातून दोन नळ्या निघतात, एकीवर चाल, दुसरीवर अखंड सूर. फक्त तिथं दम गालातच साठवावा लागतो. पुंगी किंवा जोडपाव्याला कातडं जोडायची कल्पना कुणाला आणि कुठं पहिल्यांदा सुचली, याचा एकच धनी शोधण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे बोरू, शेळी आणि मोकळा वेळ आहे अशा कुणालाही ती सुचू शकते, आणि हे तिन्ही मेंढपाळाकडे असतात.

लेखी पुरावा मात्र रोमच्या काळापर्यंत मागे जातो. पहिल्या शतकातला ग्रीक वक्ता डिओ क्रायसोस्टम एका राजाबद्दल लिहितो की तो ओठांनीही पावा वाजवू शकतो आणि काखेत पिशवी धरूनही. हा राजा म्हणजे सम्राट नीरो, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सुएटोनियसनंही नीरोच्या चरित्रात त्यानं पिशवीचा पावा लोकांपुढं वाजवायचा नवस केल्याचं नोंदलं आहे. पुढं तेराव्या शतकात स्पेनमधल्या राजाच्या पदरी रंगवलेल्या हस्तलिखितांत तऱ्हेतऱ्हेचे बॅगपाइप दिसतात, आणि सोळाव्या शतकात ब्रॉयगेलच्या चित्रांत खेडुतांच्या लग्नात ते अगदी पुढ्यात आहेत. म्हणजे एके काळी जवळजवळ साऱ्या युरोपचं हे गावाकडचं वाद्य होतं. शहरी वाद्यं आली, वाद्यवृंद आले, आणि हे डोंगरांत मागे सरलं. जिथं डोंगर होते तिथं टिकलं.

दुपारी खासबागेच्या बाजूला गायन समाज देवल क्लबवरून गेले. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आणलं आणि या गावाचा कान बदलला. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉएजर अंतराळयानं सोडली तेव्हा पृथ्वीवरचं संगीत म्हणून सोनेरी तबकडीवर जे थोडं काही कोरलं, त्यात केसरबाईंची भैरवी आहे. आणि त्याच तबकडीवर बल्गेरियाच्या रोडोपी डोंगरातलं एक गाणं आहे. गाणारी वाल्या बाल्कान्स्का, साथीला दोन काबा गाइदा. काबा गाइदा म्हणजे खर्जातला बॅगपाइप, अख्ख्या शेळीच्या कातड्याचा. कोल्हापूरच्या गुरूनं घडवलेला गळा आणि बल्गेरियन धनगरांची मशक एकाच तबकडीवर सूर्यमालेबाहेर निघाली आहेत. मला हे कळलं त्या दिवसापासून मी ज्याला त्याला सांगत सुटले आहे. इथंही सांगते.

गुरुवार

मावसभावानं मोटारसायकल काढली. कुरुंदवाडवरून पुढं सैनिक टाकळी. पहिल्या महायुद्धापासून घराघरांतून सैन्यात माणसं गेलेलं हे गाव. रस्ताभर ऊसतोड, बैलगाड्या, आणि कृष्णाकाठची ती काळी रानं.

आबा ओसरीवर वाट बघत होते. पायदळाच्या एका पलटणीच्या पाइप बँडमधून हवालदार म्हणून निवृत्त. वय सत्तरीच्या पुढं, पाठ ताठ. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "बसा की ताई. आदी च्या घ्या, मग बीन दाखवतो." सैन्यात ते बॅगपाइप म्हणत नसत, बीनच म्हणत, आताही तसंच म्हणतात.

वाद्य लोखंडी ट्रंकेतून निघालं. शिसवी लाकडाचे ड्रोन, चँटरवर बोटांनी गुळगुळीत झालेली भोकं. "२०१९ च्या म्हापुरात सगळं घर पाण्यात. भांडी ऱ्हायली, कागदं ऱ्हायली, ह्ये मी डोक्यावर घिऊन भायेर पडलो." तरी पिशवीनं ओल धरली, मग ती वाळून टणक झाली आणि आता शिवणीतून हवा जाते. दोन मिनिटांत पोट रिकामं.

पण ती दोन मिनिटं! त्यांनी काठी धरावी तसा सहज मोठा ड्रोन खांद्यावर टाकला, फुंकर घातली, कोपर आवळलं, आणि आधी घरघर आणि मग एकदम भरीव, सरळ सूर उभा राहिला. अंगणातली कोंबडी पळाली. हायलँड म्हणजे स्कॉटलंडचा डोंगराळ भाग; तिथल्या मोठ्या पाइपला तीन ड्रोन असतात. दोन मध्यम, चँटरच्या षड्जाच्या एक सप्तक खाली, आणि एक खर्जाचा, दोन सप्तकं खाली. त्यामुळे तीन जागी एकच षड्ज वाजत असतो, आणि वरचा प्रत्येक स्वर त्याच्याशी घासून, त्याच्याशी जुळून ऐकू येतो. चँटरवर फक्त नऊ स्वर. मी पेटी काढून जुळवून बघितले : खालचा कोमल निषाद, मग सा रे ग म प ध, पुन्हा कोमल निषाद आणि तार षड्ज. सरळसरळ खमाज थाट. त्यातले मध्यम आणि निषाद गाळले की भूप, आणि स्कॉटिश चालींपैकी कितीतरी या पाच स्वरांतच फिरतात. पाश्चात्त्य पियानोबरोबर हे वाद्य बेसूर वाटतं असं म्हणणारे भेटतात. ते बेसूर नसतं. त्याचे स्वर अखंड वाजणाऱ्या षड्जाशी मिळवलेले असतात, पियानोच्या समान वाटणीशी नाही. तानपुऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट आबांनी बोटांनी दाखवली. या वाद्यात विराम नाही आणि लहानमोठा आवाजही नाही. पिशवी भरली की चँटर बोलतच राहतो. मग एकच स्वर दोनदा वाजवायचा असेल तर काय करायचं? मध्ये क्षणभर दुसऱ्या स्वराचा कण टाकायचा. असे कण, त्यांचे ठरावीक गुच्छ, यांवरच पाइपरची सारी तालीम उभी असते. "पयले कितीतरी म्हैने पिशवीच देत न्हाईत हातात. नुसता सरावाचा चँटर. बोटं न्हाई बसली की उस्ताद काठी मारायचा बोटावर." आबांनी मला तो साधा चँटर दिला. माझ्याकडून निघालेला सूर मी इथं लिहीत नाही, पण कण टाकल्यावर स्वर कसा तुटल्यासारखा भासतो हे बोटांना कळलं, आणि ते पुस्तकात वाचून कळत नाही.

मी त्यांना स्काय बेटावरच्या मॅक्रिमन घराण्याचं सांगितलं. मॅक्लाउड सरदारांचे हे पिढीजात वादक. विद्या तोंडी, बोलांनी : हिओदिन, हिहारिन असे उच्चार, प्रत्येक बोलात कुठला स्वर आणि कुठला कण हे ठरलेलं. त्यांचं 'मोठं संगीत', म्हणजे पाइपवरच्या लांब, गंभीर रचना, तेही संथ मूळ चालीनं सुरू होतं, मग तीच चाल अलंकारांनी भरत भरत जाते आणि शेवटी साध्या रूपात परत येते. आबा खूश झाले. "म्हंजी घराणी तिकडं बी हाईत." हाईत तर काय!

मग विषय लढाईवर गेला. आबांसमोर तो जाणारच. १७४६ मध्ये जेकोबाइट बंडानंतर, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्यासाठी झालेल्या उठावानंतर, जेम्स रीड नावाच्या पाइपरवर खटला चालला. त्यानं म्हटलं, माझ्या हातात ना बंदूक होती ना तलवार. न्यायालयानं उत्तर दिलं की हायलँडची पलटण पाइपरवाचून कूच करत नाही, तेव्हा पाइप हे युद्धाचं हत्यारच. त्याला यॉर्कमध्ये फाशी दिलं. पुढं त्याच ब्रिटिश सत्तेनं हायलँड पलटणी उभ्या केल्या आणि पाइपरना सगळ्यांत पुढं चालवलं. १९४४ च्या ६ जूनला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर बिल मिलिन किल्ट घालून, गोळीबारात, पाण्यातून चालत पाइप वाजवत होता. पलटणींबरोबर हे वाद्य आपल्याकडे आलं. गोरखा, शीख, गढवाली पलटणींनी ते आपलं केलं, आणि सुटीवर आलेल्या सैनिकांनी ते गढवाल-कुमाऊंच्या लग्नांत नेलं. आज पाइप बनवण्याच्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे पाकिस्तानातलं सियालकोट, जिथं क्रिकेटचं सामानही बनतं. तिथले पाइप जगभर जातात.

मला या इतिहासाचं ओझं वाटतं, ते लपवत नाही. साम्राज्याच्या बुटांबरोबर आलेलं वाद्य आपण प्रेमानं का वाजवावं? आबांना विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आमच्या मागनं पोरं चालायची, ताई. चढावर दम लागला की आमी वाजवायचो आन् पाय उचलायचे. वाद्य कुणाचं ह्ये तवा कुणी इचारत न्हाई." मला हे उत्तर पुरतं. त्या हत्याराच्या आत धनगराचा पावा शाबूत राहिला, आणि गढवालच्या वऱ्हाडात तो पुन्हा लग्नाचा झाला.

योगायोग असा की ती २९ जानेवारी होती. संध्याकाळी टीव्हीवर विजय चौकातलं बीटिंग रिट्रीट लागलं. शेजारची पोरंटोरंही ओसरीवर जमली. पाइप बँड आला की आबा आवाज मोठा करायला सांगत आणि डावं कोपर आपोआप बरगडीशी आवळत. निघताना त्यांनी ती फुटकी पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हाती दिली. "कोल्हापुरात कातड्याची माणसं हाईत. इचारून बघा."

शुक्रवार

मिरज. सतारमेकर गल्लीत शिरलं की वार्निश आणि लाकडाचा वास येतो, वर भोपळे टांगलेले. फरीदसाहेबांसारख्या शस्त्रं घडवणाऱ्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात इथं तंतुवाद्यं घडवायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

एका कारखान्यात बसून मी फोनवर जगभरचे पाइप लावले आणि तिथल्या चाचांना ऐकवले. हा या प्रवासातला सगळ्यांत आनंदाचा तास. ते हातातलं तानपुऱ्याच्या जवारीचं काम न सोडता ऐकत होते.

गॅलिसियाची गाइता : "चांगली आहे, नाचायची." दक्षिण इटलीची झांपोन्या, जी घेऊन मेंढपाळ नाताळाच्या सुमारास डोंगरावरून रोम-नेपल्सला उतरत : "ह्यात दोघं वाजवतायत का?" नाही, एकच माणूस, दोन्ही हातांना वेगळी चाल-नळी. आयर्लंडचे इलन पाइप, ज्यात तोंडानं फुंकतच नाहीत. कोपराखालचा भाता हवा भरतो, दोन सप्तकं मिळतात आणि चँटर मांडीवर टेकवून सूर थांबवताही येतो : इथं चाचांनी हात थांबवला. "पुन्हा लावा." मग इराणच्या बुशहरचं नय-अंबान आणि तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राकाठचं तुलुम. या दोन्हींत वेगळा ड्रोन नाहीच, जोडीच्या दोन नळ्या एकदम बोलतात. माझी अखंड सुराची मांडणी इथं अडखळते, हे मान्य करायला हवं. पण दम तुटू न देण्याची ओढ तिथंही तीच आहे.

शेवटी काबा गाइदा. चाचांनी डोळे मिटले आणि हातातल्या तानपुऱ्याचा खर्ज छेडून तिच्याशी जुळवायला लागले. खुंटी थोडी उतरवली, मणी सरकवला, आणि जुळला. तानपुरा आणि बल्गेरियाचा डोंगर एका षड्जावर. दुकानात आलेला एक विद्यार्थी दारातच थबकला.

जगाला हे वाद्य का आवडतं, याचं उत्तर मला त्या तासात मिळालं असं वाटतं. सुरात बुडून जायची भूक माणसाला सगळीकडे आहे. ती भागवायला आपण तार घेतली, त्यांनी कातडं घेतलं. स्लोव्हाकियाच्या बॅगपाइप-संस्कृतीला युनेस्कोनं २०१५ मध्ये आणि आयरिश इलन वादनाला २०१७ मध्ये आपल्या वारशाच्या यादीत घेतलं. ग्लासगोत दर ऑगस्टला पाइप बँडची जागतिक स्पर्धा भरते आणि तिथं कॅनडाच्या विद्यापीठाचा बँडही अनेकदा जिंकून गेला आहे. आपल्याकडे गढवालचा मशकबीनवाला अजून वरातीतच मोजला जातो. संगीत सभेच्या मंचावर त्याला कुणी बोलावत नाही. तो तिथं बसायला हवा, सनईवाल्याच्या शेजारी.

अब्दुल करीम खाँसाहेब याच मिरजेत राहिले, इथल्याच दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. तिथं दोन मिनिटं बसून परत फिरले. रात्री अंबाबाईची शुक्रवारची पालखी गाठली, पण खूप दाटी होती.

शनिवार

आबांची पिशवी घेऊन चप्पल लाइनला. पहिल्या दोन-तीन दुकानांत हसून नाही म्हणाले. शेवटी एका गल्लीत, मागच्या खोलीत काम करणारे एक मामा भेटले. त्यांनी पिशवी उलटसुलट केली, हुंगली, कानाशी धरून दाबली.

"मेंढराचं हाय. शिवणीत दोऱ्याच्या भोकातनं हवा जातीया. आन् कातडं मेलंय, त्याला तेलपाणी न्हाई."

बरोबर तेच. पाइपच्या पिशवीला मोठी नाजूक कामगिरी असते. हवा धरायची, पण श्वासातली वाफ शोषून घ्यायची, नाहीतर पाणी रीडवर, म्हणजे सूर काढणाऱ्या पातीवर, जाऊन आवाज बसतो. म्हणून तिकडे आतून मध, ग्लिसरीन वगैरेचं मिश्रण चोळून कातडं मऊ आणि बंद ठेवतात. आता बरेच वादक कृत्रिम कापडाच्या पिशव्या वापरतात. बल्गेरियात शिवणीची अडचणच ठेवली नाही. शेळीचं कातडं न चिरता अखंड उतरवायचं, केस आतल्या बाजूला, आणि मान नि पुढच्या पायांच्या भोकांत नळ्या बांधायच्या.

मामांना ही अखंड कातड्याची गोष्ट फार पटली, पण तसं उतरवून देणारा माणूस आता मिळायचा नाही म्हणाले. कोल्हापुरी चपलेचा तळ म्हशीच्या कातड्याचा, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेला. तो इथं चालणार नाही, फार ताठ. वेणीसाठी बकऱ्याचं वापरतात, ते लवचिक. "बकऱ्याचंच घेऊ. आन् शिवणीची काळजी करू नका. माझा बा मोटा शिवायचा. पानी धरनारी शिवण आमच्या घरात हाय."

मला इतका आनंद झाला की काही सुचेना. विहिरीवरची मोट! शेकडो लिटर पाणी वर येईतो शिवण फुटू न देणारे हात. त्यांनी रापीनं एक तुकडा कापून लगेच दाखवलं : दोन कडा एकमेकींवर, मध्ये कातड्याची पट्टी, आरीनं बारीक भोकं, मेणाचा दोरा, आणि वरून कड दुमडून पुन्हा टीप. जुन्या पिशवीचा आकार त्यांनी कागदावर उतरवून घेतला. दर सांगितला, तो मी घासाघीस न करता मान्य केला. बकऱ्याच्या पिशवीचं वजन जास्त होईल का, मान कुठल्या कोनात कापायची, असे प्रश्न मला उत्तर देण्यासारखे नव्हते, म्हणून तिथूनच आबांना फोन लावला आणि दोघांना जोडून दिलं.

बाहेर महाद्वारावर किरणोत्सवाची गर्दी वाढत होती. आत हे दोघं अर्धा तास बोलत होते. मामा मधूनमधून "व्हय", "बरोबर", "तसं न्हाई जमायचं" म्हणत पेन्सिलीनं कागदावर खुणा करत होते. शेवटी त्यांनी फोन माझ्याकडे दिला. आबांचा आवाज हुकूम सोडल्यासारखा होता :

"ताई, त्यांना सांगा, नळ्यांची भोकं आत्ता पाडायची न्हाईत. मी सोमवारी ट्रंक घिऊन येतो, माझ्या समोर पाडायची."